बाहेरच्या हार्ड डिस्कला पासवर्ड लावा

आधार, पॅन, सातबारा, घरचे फोटो असलेली डिस्क रिक्षात राहिली, तर जिच्या-ज्याच्या हाती पडेल त्याने केबल लावली की सगळं उघडं. लॅपटॉपचा पासवर्ड इथे कामाचा नाही. विंडोज प्रो असेल तर त्यात डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर आहेच, वेगळे पैसे लागत नाहीत.

१. डिस्क जोडा. 'धिस पीसी'मध्ये तिच्यावर राइट क्लिक करून 'टर्न ऑन बिटलॉकर' निवडा.
२. लांबलचक पासवर्ड द्या.
३. ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरलात तर डिस्क उघडणारा आकडा, मिळेल. तिची प्रिंट काढून कपाटात ठेवा.
४. डिस्क जुनी असेल तर 'एन्क्रिप्ट एंटायर ड्राइव्ह'च (रिकाम्या जागेसकट पूर्ण डिस्क लॉक करणं) घ्या. डिलीट केलेल्या फायलीही परत काढता येतात, म्हणून हे महत्त्वाचं.
५. पुढे 'कम्पॅटिबल मोड' निवडा, तो वेगवेगळ्या कॉम्प्युटरना जोडायच्या डिस्कसाठी असतो.

मोठ्या डिस्कला तासन्‌तास लागतात. रात्री लावून ठेवा, चार्जर जोडलेला असू द्या, मध्येच केबल ओढू नका.

विंडोज होमवर अशी डिस्क उघडते, पण लॉक करता येत नाही. तिथे डिस्क लॉक करणारं, मोफत मिळणारं व्हेराक्रिप्ट हे सॉफ्टवेअर वापरा.

आणि सुरुवातीलाच डेटाची एक प्रत दुसरीकडे काढा. पासवर्ड आणि की दोन्ही हरवले, तर कुठलाही दुरुस्तीवाला ती डिस्क उघडून देऊ शकत नाही.