मातीतून नवीन अँटिबायोटिक शोधताय? मग या चुका टाळा

मराठवाड्यातल्या कॉलेजांत एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टला हा विषय हमखास असतो. प्लेटवर झोन, म्हणजे जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ, दिसला की लगेच फोटो स्टेटसला जातो, नवीन अँटिबायोटिक सापडलं म्हणून. उत्साह पाहिजेच, पण त्या नादात चांगला स्ट्रेन (बॅक्टेरियाचा वाण) हातचा जातो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

आधी माती. नुकती फवारणी झालेल्या कापसाच्या वावरातली वरवरची माती खरवडून आणू नका. बांधावरची, जुन्या लिंबा-बाभळीच्या मुळाजवळची घ्या, वरचा थर बाजूला करून १०-१५ सेंमी खालची, आणि पिशवीवर जागा अन् तारीख तिथंच लिहा. आपली काळी माती चिकट, तिचे गोळे होतात, नुसतं नळी हलवून बॅक्टेरिया सुटत नाहीत, काचेचे मणी टाकून अर्धा तास तरी शेकरवर ठेवा. त्याआधी ती सावलीत वाळवा आणि तासभर ५०-५५ अंशाला ठेवा, म्हणजे झपाट्यानं वाढणारे बरेचसे मरतात आणि स्ट्रेप्टोमायसिसचे, म्हणजे अँटिबायोटिक बनवणाऱ्या मातीतल्या बॅक्टेरियाचे, स्पोअर (बीजाणू) टिकतात. वाढवायला नेहमीचं न्यूट्रिअंट अगर नको, त्यावर झपाट्यानं वाढणाऱ्यांचंच राज्य असतं. स्टार्च केसीन अगर घ्या, बुरशी दाबायला नायस्टॅटिन टाका.

आता सगळ्यात मोठी चूक, घाई. २४ तासांत काही आलं नाही म्हणून प्लेटा धुवायला टाकतात! अहो, ॲक्टिनोमायसिटीसला (स्ट्रेप्टोमायसिस याच गटातला) ७ ते १४ दिवस लागतात, खडूसारखी कोरडी, अगरला घट्ट धरून बसलेली कॉलनी दिसेपर्यंत थांबा, आणि एवढ्या दिवसांत अगर वाळतं म्हणून प्लेट जरा जाडच ओता. अजून एक, मे महिन्यात आपल्याकडं खोलीतच ३८-४० अंश असतं, साधा इनक्युबेटर गरम करतो, थंड करत नाही, त्यावर या जिवांना लागणारं २८ अंश सेट करून काही उपयोग नाही, थंडही करणारा बीओडी इनक्युबेटरच लागतो. प्लेटा "येत नाहीत" त्याचं कारण कित्येकदा एवढंच असतं.

झोन आला, छान. पण कशामुळं आला? अर्क काढायला वापरलेलं इथिल ॲसिटेट नीट उडालं नसेल तर नुसत्या सॉल्व्हंटनंही झोन येतो, स्ट्रेननं ॲसिड सोडलं तरी येतो, म्हणून फक्त सॉल्व्हंट भरलेली एक विहीर (अगरमधला खड्डा) आणि पीएच तपासणं हे कधीच सोडू नका. टेस्टला एकटा बॅसिलस सबटिलिस ठेवला तर चित्र अर्धंच दिसतं, सोबत ई. कोलाय घ्या, त्याच्यासारख्या ग्रॅम निगेटिव्ह बॅक्टेरियाचं बाहेरचं आवरण भेदणं खरं अवघड. कँडिडा ही बुरशीही ठेवा. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये सापडलेलं हॅमायसिन बुरशीवरचंच होतं, आणि ते देणाऱ्या जिवाचं नावही स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

आणि झोन खरा निघाला तरी तो "नवीन" नसतो, बहुतेक वेळा. १९४३ मध्ये वॅक्समनच्या लॅबमध्ये शॅट्झला स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, तेव्हापासून जगभर माती उकरून झालीय. कुठूनही १०० ॲक्टिनोमायसिटीस उचलले तर साधारण १० स्ट्रेप्टोथ्रिसिन हे जुनंच अँटिबायोटिक देतात, १ स्ट्रेप्टोमायसिन. १६एस जीनचा सिक्वेन्स केला म्हणजे बॅक्टेरिया कोणता ते कळतं, रेणू कळला असं नाही, त्याला एलसी-एमएस हे रेणू ओळखणारं यंत्र लागतं, कॉलेजात नसेल तर विद्यापीठात विचारा. विषारीपणही बघावं लागतं. ॲक्टिनोमायसिन बॅक्टेरिया मारतं, पण माणसाच्या पेशीही मारतं, म्हणून ते इन्फेक्शनला न वापरता कॅन्सरला वापरलं गेलं.

खरंच नवीन पाहिजे असेल तर जे नेहमीच्या मीडियावर वाढतच नाहीत त्यांच्या मागं लागा, असे मातीत बहुसंख्य आहेत. २०१५ मध्ये टेक्सोबॅक्टिन हे अँटिबायोटिक तसंच जाहीर झालं, बॅक्टेरिया छोट्या कप्प्यांत घालून परत मातीतच वाढवले होते. तेवढी सोय नसली तरी त्याच वावरातल्या मातीचा अर्क घालून अगर करून बघा, खर्च काहीच नाही.

स्ट्रेन शुद्ध झाला की त्याच आठवड्यात २० टक्के ग्लिसरॉलमध्ये स्टॉक करा. सारखं सबकल्चर, म्हणजे एका प्लेटवरून दुसरीवर, करत राहिलं की तो अँटिबायोटिक बनवायचंच सोडून देतो, मग झोन परत येत नाही. शक्यतो दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवा, लाइट इथं कधी जाईल सांगता येत नाही. आणि जुन्या प्लेटा १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका, त्यात काय वाढलंय ते तुम्हालाही माहीत नसतं.