सॅनिबेल बेटावरचा दिवस भरती-ओहोटी बघून कसा आखावा

फ्लोरिडाच्या नैऋत्य किनाऱ्यावर, फोर्ट मायर्ससमोर सॅनिबेल हे वाळूचं लांबट बेट आहे. एका अंगाला मेक्सिकोचं आखात, दुसऱ्या अंगाला कांदळवनाची उथळ खाडी. १९६३ साली पूल झाला, तोवर इथे बोटीनेच यावं लागे. बेटावर एकही ट्रॅफिक सिग्नल नाही आणि उंच इमारतींना परवानगी नाही. अमेरिकेत राहणारी आपली मंडळी हिवाळ्यात आईवडिलांना घेऊन फ्लोरिडाला जातात, तेव्हा एक दिवस तरी या बेटासाठी काढून ठेवा. मात्र इथला दिवस आखायचा तो भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून.

१. आधी ओहोटीची वेळ काढा

निघायच्या आदल्या रात्री सॅनिबेलचं भरतीचं कोष्टक फोनवर बघून ठेवा. मुंबई-कोकणातल्यासारखं दणदणीत पाणी इथे चढत-उतरत नाही, फरक जेमतेम दोन-तीन फुटांचा. पण किनारा इतका उथळ की तेवढ्यानेही वाळूचा मोठा पट्टा उघडा पडतो. समुद्राच्या बाजूला ओहोटी आधी लागते, खाडीकडे उशिरा. ही गोष्ट सोयीची आहे, कारण तिच्यामुळे एकाच ओहोटीत शिंपलेही वेचता येतात आणि पक्षीही बघता येतात.

नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा, सुखाचा काळ. उन्हाळ्यात दुपारी ढग भरून येतात, विजा कडाडतात. तेव्हा बाहेरची कामं सकाळीच उरका. गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर या आणि थेट गाडीत बसा. झाडाखाली थांबू नका.

२. शिंपले वेचायला ओहोटी संपायच्या तासभर आधी पोहोचा

या भागातली बहुतेक बेटं उत्तर-दक्षिण पसरलेली आहेत, सॅनिबेल मात्र पूर्व-पश्चिम वळलेलं. समोरचा समुद्रतळ लांबवर उथळ असल्याने लाटांबरोबर सरकत आलेले शंख-शिंपले या वळणात अडकतात. बोमन्स बीच किंवा ब्लाइंड पास गाठा. दोन्हीकडे पार्किंगला पैसे पडतात आणि बोमन्सला गाडीपासून थोडं चालावं लागतं. हिवाळ्यात वायव्येचा वारा जोरात वाहून गेला असेल, तर दुसऱ्या दिवशीची सकाळ अजिबात चुकवू नका.

जिवंत प्राणी असलेला एकही शंख उचलायचा नाही. बेटावर १९९५ पासून तसा कायदा आहे आणि तो मनापासून पाळण्यासारखा आहे. शंख हातात घेऊन तोंडाशी बघा. तपकिरी, चामड्यासारखं झाकण दिसलं तर मालक घरात आहे. आत खेकड्याचे पाय दिसले, तरीही परत ठेवायचा. शिंपल्याच्या दोन्ही शिंपा घट्ट मिटलेल्या असतील तर तोही जिवंत समजा. सँड डॉलर हा नाण्यासारखा चपटा, गोल समुद्रजीव; तो तपकिरी आणि केसाळ लागला तर जिवंत, पांढराफटक आणि गुळगुळीत असेल तर मेलेला. परत ठेवताना लांब भिरकावू नका, उथळ पाण्यात हलकेच ठेवा.

इथे सापडणारा लाइटनिंग व्हेल्क हा शंख नीट निरखा. वेटोळ्याचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की ते तोंड डाव्या हाताला उघडतं. बहुतेक शंखांचं उजवीकडे असतं. आपल्याकडे शंख वेटोळं खाली धरून बघतात, म्हणून हेच तोंड उजवीकडे दिसतं. आपल्याकडे दक्षिणावर्ती शंख म्हणून चढ्या भावाने जे विकलं जातं, त्यात हाच अमेरिकी शंख पुष्कळदा खपवलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे: देवपूजेतल्या खऱ्या शंखाच्या आत, मधल्या खांबावर ठळक वळ्या असतात. व्हेल्कचा खांब गुळगुळीत असतो. एकदा इथे हाताळून बघितलात की पुढे दुकानात फसणार नाही.

पाण्यात शिरताना पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत न्या. मे ते ऑक्टोबरमध्ये शेपटीला काटा असलेले पाकट मासे किनाऱ्यालगत वाळूत दडून असतात; धक्का जाणवला की ते स्वतःच निघून जातात. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा.

३. तिथून थेट अभयारण्यात

जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग हे व्यंगचित्रकार, दोनदा पुलित्झर मिळवलेले. इथलं कांदळवन विकलं जाणार हे कळल्यावर त्यांनी पाठपुरावा केला आणि १९४५ साली अभयारण्य झालं. आज त्याला त्यांचंच नाव आहे. आतला वाइल्डलाइफ ड्राइव्ह चार मैलांचा आणि एकदिशा आहे, गाडीने किंवा सायकलने जाता येतं. शुक्रवारी तो बंद असतो, म्हणून शुक्रवार टाळूनच बेत करा.

खाडीला ओहोटी लागलेली असताना चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि पक्षी खायला उतरतात. रोझिएट स्पूनबिल हा गुलाबी पक्षी चपटी चोच पाण्यात डावी-उजवी फिरवत चालतो. आपल्या चमच्या पक्ष्याचाच हा भाऊबंद. हिवाळ्यात पांढरे पेलिकन थव्याने असतात. दुर्बीण हवीच. गोड्या पाण्याच्या कडेला मगरीसारखे अ‍ॅलिगेटर पहुडलेले असतात. मुलांना हाताशी धरा आणि अ‍ॅलिगेटरना काहीही खायला टाकू नका, तो गुन्हा आहे.

४. कयाकसाठी भरती

टार्पन बे इथे कयाक भाड्याने मिळतात. कमोडोर क्रीकचा मार्ग कांदळांच्या मधून जातो. ओहोटीत कयाक चिखलात रुतते, म्हणून पाणी चढत असतानाच निघा. मुळांना कालवं चिकटलेली असतात, कोकणातल्या खाडीत असतात तशीच धारदार. मुळं हाताने धरू नका. तिन्हीसांजेला डोळ्यांना न दिसणारी चिलटं कडकडून चावतात. लांब बाह्यांचा सदरा घाला.

सायकलचे मार्ग पंचवीस मैलांहून जास्त आहेत आणि सगळे सपाट, त्यामुळे मधला रिकामा वेळ त्यात घालवा.

५. संध्याकाळी किनारा सोडताना

मे ते ऑक्टोबर हा लॉगरहेड कासवांच्या विणीचा काळ. वेळासला कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिलेल्यांना इथली शिस्त वेगळी सांगायला नको. वाळूचे किल्ले मोडून सपाट करा, खणलेले खड्डे बुजवा, खुर्च्या-छत्र्या उचला आणि टॉर्च लावू नका.

वेचलेले रिकामे शंख मुक्कामी पोहोचल्यावर गोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि पूर्ण वाळवूनच बॅगेत भरा. ओले भरले तर वास कपड्यांना धरतो.