कोकणात गळ टाकण्यापूर्वी: माप, हंगाम आणि संख्या

सुट्टीच्या दिवशी जेटीवर, कातळावर किंवा खाडीच्या मुखाशी रॉड घेऊन उभे राहणारे हौशी गळकरी आता वेंगुर्ल्यापासून मुरुडपर्यंत सगळीकडे दिसतात. नवखा माणूस आमिष कोणते, रीळ कोणते, भरती किती वाजता एवढे विचारतो. पण गळाला लागलेला मासा ठेवायचा की सोडायचा, हे कसे ठरवायचे ते सहसा कोणी विचारत नाही. मासा हातात तडफडत असताना निर्णय घ्यायला अर्धा मिनिटही मिळत नाही, म्हणून तो घरून निघण्यापूर्वीच घेतलेला असावा लागतो. पुढील मार्गदर्शन त्यासाठी आहे.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. राज्याच्या सागरी हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू आहे आणि २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन दंडाच्या तरतुदी कडक झाल्या. हा कायदा मुख्यतः नौका, जाळी आणि परवाने यांभोवती रचलेला आहे. हौशी गळकऱ्याने दिवसाला किती मासे न्यावेत, याची संख्या त्यात नाही. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत ती माशागणिक ठरवून दिलेली असते; आपल्याकडे हंगाम आणि आकार यांना कायद्याचा आधार आहे, परंतु संख्या मात्र आपली आपण ठरवायची आहे. माझ्या मते हौशी माणसाची खरी जबाबदारी येथेच आहे, आणि म्हणून तिच्याकडे मी पुढे सविस्तर येणार आहे.

हंगामाचा नियम सोपा आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. दरवर्षीचा आदेश मत्स्यव्यवसाय विभाग काढतो, तेव्हा तारखा त्या त्या वर्षी खात्री करून घ्याव्यात. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्या या बंदीच्या बाहेर आहेत, किनाऱ्यावरून गळ टाकणाराही नौकेत नसतो. परंतु भाड्याने इंजिनाची होडी घेऊन गळ टाकायला जाणाऱ्यांनी हे पक्के लक्षात ठेवावे की, आपण हौशी आहोत म्हणून होडीची बंदी उठत नाही. होडीमालक कितीही आग्रह करो, या दोन महिन्यांत नकार द्यावा. एरवीही होडी नोंदणीकृत आहे का, तिचा परवाना चालू आहे का आणि प्रत्येकाला जीवरक्षक जॅकेट आहे का, हे विचारूनच पाय टाकावा. होडीवर मासे गोळा करण्यासाठी एलईडी दिवे लावलेले असतील तर तेथून परत फिरावे, कारण अशा प्रकाशझोताच्या मासेमारीवर बंदी आहे.

किनाऱ्यावरच्या माणसाला बंदी लागू नसली तरी पावसाळ्याचे पहिले काही आठवडे खाडीच्या मुखाशी गळ टाकू नये, असा माझा ठाम सल्ला आहे. पहिल्या पावसात गोड्या पाण्यातले मासे वलगणीला, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर, चढतात हे आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक असते. खाडीच्या मुखाशी मात्र त्याच दिवसांत उलट दिशेची हालचाल चालू असते आणि ती कोणाला दिसत नाही. चोणक, ज्याला रायगडकडे जिताडा म्हणतात, तो गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी खाऱ्या पाण्याकडे, मुखाशी उतरतो. पुष्कळ वर्षांपूर्वी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका खाडीच्या मुखाशी मला मोठा चोणक लागला होता. घरी आईने तो कापला तेव्हा दोन्ही बाजूंनी गाबोळी भरलेली होती. त्या दिवशी आम्ही ती आवडीने खाल्ली. ती अंडी आणखी काही दिवसांत त्याच खाडीत पडणार होती हे मला नंतर कळले, आणि तेव्हापासून जून आणि जुलैमध्ये मी मुखाशी उभा राहत नाही.

आता मापाकडे वळू. २०२३ मध्ये महाराष्ट्राने केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून ५४ प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. केरळनंतर असे करणारे आपले दुसरे राज्य. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा घोषित करण्यात आले. या यादीत पापलेटचे किमान माप १३५ मिलिमीटर आणि बोंबलाचे १८० मिलिमीटर आहे. त्यामागचा विचार असा की, प्रत्येक माशाने पकडला जाण्यापूर्वी निदान एकदा तरी अंडी घातलेली असावीत. म्हणून ज्या लांबीला त्या जातीतले निम्मे मासे प्रौढ होतात, त्या लांबीचा आधार घेतला जातो. पापलेट आणि बोंबील यांचे आकडे वर्तमानपत्रांत सर्वाधिक गाजले, पण गळकऱ्याला ते क्वचितच उपयोगी पडतात, कारण बोंबील डोलीच्या जाळ्यात मिळतो आणि पापलेट सहसा गळाला लागत नाही. आपल्याला जे मासे लागतात, म्हणजे सुरमई, बांगडा, रावस, तांबोशी, हेकरू, शिंगाळा, त्यांपैकी कोणते यादीत आहेत हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या स्थानिक कार्यालयात जाऊन पाहावे आणि तेवढेच आकडे एका कागदावर उतरवून, कागद प्लास्टिकमध्ये घालून आमिषाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावा.

उतरवताना आकड्यापुढे कोणते माप लिहिले आहे तेही लिहून घ्यावे. एकूण लांबी म्हणजे मिटलेल्या तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या शेवटच्या टोकापर्यंतची लांबी. शेपटीला खोल बेचका असलेल्या सुरमई आणि कुपा यांसारख्या माशांत पुष्कळदा बेचक्यापर्यंतची लांबी धरतात, आणि ती एकूण लांबीपेक्षा कमी भरते. कुर्लीचे माप कवचाच्या रुंदीने घेतात. या दोन-तीन पद्धतींची सरमिसळ झाली की चार-पाच सेंटिमीटरची चूक सहज होते आणि नेमका सोडायला हवा होता तो मासा पिशवीत जातो.

मोजण्यासाठी शिंप्याची फीत माशाच्या अंगावरून फिरवू नये. पोटाच्या फुगवट्यामुळे लांबी जास्त दाखवते आणि ओल्या हातात फीत गुंडाळतेही. मी एक जुगाड वापरतो. तीन इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा उभा चिरून त्याची पन्हळ करायची, एका टोकाला झाकण बसवायचे आणि आत पक्क्या शाईने सेंटिमीटरच्या खुणा करायच्या. पन्हळ समुद्राच्या पाण्यात बुचकळून मासा त्यात ठेवला, तोंड झाकणाला टेकवले, की माप लगेच समजते आणि मासा फारसा उसळत नाही. होडीवर पन्हळ अडचणीची वाटली तर रॉडच्या मुठीपासून वर नेलपॉलिशने आपापल्या माशांच्या खुणा करून ठेवाव्यात.

यादीत ज्याचे माप नसेल, किंवा यादीतले माप आपल्या मनाला कमी वाटत असेल, तेथे माशाच्या जीवनक्रमावरून आपली मर्यादा ठरवावी. सुरमई साधारण सत्तर सेंटिमीटरच्या आसपास प्रौढ होते, म्हणून त्याहून लहान सुरमई मी ठेवत नाही. चोणकाची गोष्ट याहून वेगळी आहे आणि ती प्रत्येक गळकऱ्याने समजून घ्यावी. चोणक आधी नर म्हणून प्रौढ होतो आणि पुढे मोठा झाल्यावर त्याची मादी होते. म्हणजे सगळ्यात मोठे चोणक बहुतेक माद्याच असतात, आणि मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी पट अंडी देते. माशाच्या अशा जीवनक्रमामुळे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या पूर्व किनाऱ्यावर याच माशासाठी किमान ५८ आणि कमाल १२० सेंटिमीटर अशी दुहेरी मर्यादा आहे, दिवसाला पाचच मासे ठेवण्याची मुभा आहे आणि तिकडच्या पावसाळ्याच्या तोंडावर, १ नोव्हेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत, मासेमारी बंद असते. आपल्या खाड्या त्यांच्या नद्यांपेक्षा आखूड आहेत, तेव्हा वरची मर्यादा मी आणखी खाली, मीटरभरावर आणतो. हेकरूमध्ये हाच क्रम उलटा आहे: तो आधी मादी असतो आणि मोठेपणी नर होतो. एखाद्या कातळावरचे सगळे मोठे हेकरू काढले तर मागे केवळ माद्या उरतात. एका कातळावरून एकच हेकरू नेणे आणि पुढच्या खेपेला दुसरीकडे जाणे, हा मला त्यातल्या त्यात योग्य मार्ग वाटतो.

कुर्ली आणि शेवंड यांबाबत आकाराआधी पोट पाहावे. कुर्ली उलटी करून पोटाखालची पट्टी पाहिली की, अरुंद त्रिकोणी असेल तर नर आणि रुंद अर्धगोल असेल तर मादी हे कळते. त्या पट्टीखाली नारिंगी किंवा काळपट अंड्यांचा पुंजका दिसला तर ती कितीही मोठी असो, परत पाण्यात सोडावी.

संख्येबाबत माझा नियम असा आहे की, त्या दिवशी घरात जितकी माणसे जेवायला आहेत त्यांना एका वेळेस पुरेल इतकेच मासे न्यावेत, आणि बांगडे किंवा बोयरे अशा लहान माशांत फार तर दहा. हा आकडा मोठ्या माशांना लागू नाही. चोणक, रावस, तांबोशी यांपैकी मोठा एक मिळाला की मी त्या दिवसापुरता गळ गुंडाळतो. हौसेने पकडलेला मासा लिलावात नेऊ नये किंवा हॉटेलला विकू नये. ज्या गाबीत आणि कोळी कुटुंबांचे पोट याच पाण्यावर आहे, त्यांच्यासमोर आपला फुकटचा मासा बाजारात ठेवणे मला योग्य वाटत नाही.

काही प्राण्यांच्या बाबतीत माप आणि संख्या यांचा प्रश्नच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार सगळी सागरी कासवे, डॉल्फिन, व्हेल शार्क, करवत मासे आणि समुद्रघोडे संरक्षित आहेत. तोंडापुढे दातेरी करवत असलेला मासा दिसला तर तो होडीवर घेऊ नये. पाण्यातच दोर कापावा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे वेळास आणि इतर किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. त्या काळात रात्री पुळणीवर प्रखर टॉर्च फिरवू नये आणि तुटलेला नायलॉनचा दोर वाळूत टाकून येऊ नये. जागेचेही बंधन आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीच्या ३.१८ चौरस किलोमीटरच्या गाभा क्षेत्रात मासेमारीला मनाई आहे. त्या बाजूला गळ टाकायचा असेल तर सीमा कोठून कोठपर्यंत आहे, हे वन विभागाकडून नीट विचारून घ्यावे.

सोडलेला मासा जगला नाही तर मोजण्याला अर्थ राहत नाही, म्हणून तयारी आधीच करावी. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. मग गळ एका झटक्यात निघतो. जिवंत आमिष वापरताना गोल वळणाचा गळ घ्यावा, तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. हात ओले करूनच मासा धरावा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. खवले असलेल्या माशाला कोरड्या कापडात किंवा तापलेल्या कातळावर ठेवू नये आणि कल्ल्यांत बोटे घालून फोटो काढू नये. गळ घशात खोल गेला असेल तर ओढून काढण्यापेक्षा दोर तोंडाजवळ कापावा. पाण्यात सोडताना मासा दोन्ही हातांवर तोलून, तोंड प्रवाहाकडे करून धरावे आणि त्याने स्वतःहून शेपटी मारेपर्यंत थांबावे. खोल पाण्यातून वर आलेला हेकरू किंवा तांबोशी पोट फुगून उताणी तरंगते आणि बहुधा वाचत नाही. म्हणून खोल कातळावर ठेवण्याजोगा मासा मिळाला की, आणखी पकडून सोडण्याच्या हौसेने पुन्हा गळ खाली सोडू नये.