डिस्कवर चित्रण करणारा हँडीकॅम: निवड, वापर आणि फायनलाइज

आठ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडी कपाटात जपून ठेवल्या आहेत, पण संगणकात घातल्या की त्या रिकाम्या दिसतात, अशी तक्रार ठाण्यात माझ्या ओळखीच्या निदान चार-पाच घरांतून मी ऐकली आहे. या डिस्क बहुतेक वेळा रिकाम्या नसतात; त्या फायनलाइज करायच्या राहून गेलेल्या असतात. शेवटच्या चित्रणानंतर डिस्कवरील नोंदी बंदिस्त करण्याच्या क्रियेला फायनलाइज करणे म्हणतात आणि ती झाल्याशिवाय घरातला डीव्हीडी प्लेअर किंवा संगणक ती डिस्क सहसा ओळखत नाही. त्यामुळे आज थेट अशा डिस्कवर चित्रण करणारा कॅमेरा घ्यायचा असेल, मग तो जुन्या डिस्क सोडवण्यासाठी असो की त्या काळच्या चित्राच्या ओढीने असो, निवडीपासून वापरापर्यंत हीच एक गोष्ट मध्यभागी ठेवावी लागते.

हिताचीने २००० साली डीव्हीडी-रॅम या पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर चित्रण करणारा कॅमेरा आणला आणि २००३पासून सोनीचे डीव्हीडी हँडीकॅम येऊ लागले. आता हे सर्व कॅमेरे जुन्या बाजारातच मिळतात, म्हणून विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता सोबत एक कोरी डीव्हीडी-आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा वापरता येणारी डिस्क, घेऊन जावे. ती डिस्क त्याच्यासमोर फॉरमॅट करावी, म्हणजे चित्रणासाठी तयार करून घ्यावी, पाच मिनिटे चित्रण करावे, तेच चित्रण कॅमेऱ्यावर पाहावे आणि शेवटी डिस्क फायनलाइज करून दाखवायला सांगावे. जुन्या कॅमेऱ्यात सर्वांत आधी थकतो तो डिस्क वाचणारा आणि लिहिणारा लेसर. जुनी डिस्क वाचणारा कॅमेरा नव्या डिस्कवर लिहिताना अडखळतो, आणि हा दोष नुसता कॅमेरा चालू करून पाहिल्याने कळत नाही. अ‍ॅडाप्टर सोबत नसेल तर व्यवहार करू नये. डब्यावर मोठ्या आकड्यात छापलेल्या डिजिटल झूमकडे दुर्लक्ष करून ऑप्टिकल, म्हणजे भिंगाने होणारा, झूम किती आहे तेवढेच पाहावे.

२००६ साली आलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीचे काही कॅमेरे याच छोट्या डिस्कवर हाय डेफिनिशन चित्रण करतात. चित्र अर्थातच चांगले असते, मात्र ती डिस्क साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घालू नये, कारण ती त्यात चालत नाही आणि कधीकधी बाहेरही येत नाही.

डिस्कच्या प्रकारांत गोंधळ होतो. डीव्हीडी-आरवर एकदाच लिहिता येते आणि फायनलाइज केल्यावर ती बहुतेक सर्व प्लेअरवर चालते. डीव्हीडी-आरडब्ल्यू पुसून पुन्हा वापरता येते, पण फॉरमॅट करताना कॅमेरा ‘व्हिडिओ’ आणि ‘व्हीआर’ असे दोन पर्याय देतो. व्हीआरमध्ये नको असलेला भाग कॅमेऱ्यावरच काढून टाकता येतो, तर व्हिडिओ पर्यायातली डिस्क जास्त प्लेअरना चालते. माझे मत असे आहे की घरच्या कार्यासाठी डीव्हीडी-आर वापरावी आणि सरावासाठी किंवा ठाण्यातल्या येऊर, उपवनच्या फेरफटक्यासाठी आरडब्ल्यू ठेवावी, म्हणजे कार्याच्या डिस्कवर चुकूनही दुसरे काही लिहिले जात नाही.

एका बाजूच्या डिस्कची क्षमता १.४ जीबी असते. उत्तम दर्जात सुमारे २० मिनिटे, मध्यम दर्जात ३० आणि सर्वांत कमी दर्जात ६० मिनिटे चित्रण तिच्यात बसते. साठ मिनिटांच्या मोहात पडू नये, कारण हलत्या चित्रात त्याचे चौकोनी तुकडे स्पष्ट दिसतात. मुंजीचे उदाहरण घेऊ. सकाळपासून सगळेच टिपत राहिले तर डिस्क नेमकी मंगलाष्टकांच्या तिसऱ्या कडव्याला संपते, आणि नवी डिस्क घालून कॅमेरा ती ओळखून तयार होईपर्यंत अक्षता पडलेल्या असतात. म्हणून गुरुजींना आदल्या दिवशीच क्रम विचारून ठेवावा, मातृभोजनाची एक डिस्क करावी आणि अंतरपाट धरण्यापूर्वी, आधीच्या डिस्कवर दहा मिनिटे शिल्लक असली तरी, नवी घालावी. त्या दहा मिनिटांत नंतर भिक्षावळ टिपता येते, कारण फायनलाइज न केलेली डिस्क पुन्हा घालून पुढे चित्रण करता येते.

चित्रण थांबवल्यावरही आत डिस्क फिरण्याची बारीक घरघर काही सेकंद ऐकू येते आणि अ‍ॅक्सेसचा दिवा लुकलुकत असतो. तो विझेपर्यंत झाकण उघडू नये, बॅटरी काढू नये आणि कॅमेऱ्याला धक्का लागू देऊ नये, कारण शेवटचा भाग त्याच क्षणी लिहिला जात असतो. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत गर्दीबरोबर चालत चित्रण करण्यापेक्षा कडेच्या एखाद्या पायरीवर स्थिर उभे राहिलेले बरे. गडकरी रंगायतनसारख्या रंगमंचावर मुलांचा कार्यक्रम टिपायची परवानगी असेल तर ‘स्पॉटलाइट’ पर्याय निवडावा, नाहीतर काळोख्या पार्श्वभूमीमुळे कॅमेरा उजेड वाढवतो आणि चेहरे पांढरेफटक होतात.

ठाण्याच्या पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर आणला की भिंगावर आणि आतल्या लेसरवर दव धरते. तो पिशवीतच तासभर ठेवून मग उघडावा. एरवी सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्यास बुरशी टळते.

फायनलाइज त्याच संध्याकाळी, अ‍ॅडाप्टर लावून, कॅमेरा सपाट टेबलावर ठेवून करावे. बॅटरी आणि अ‍ॅडाप्टर एकाच वेळी जोडता येत असतील तर भरलेली बॅटरीही लावून ठेवावी. आमच्या आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, त्या डिस्कचे फायनलाइज चालू असताना पहिल्या पावसात वीज गेली. बॅटरी मी काढून ठेवली होती आणि ती डिस्क पुन्हा कधीच वाचली गेली नाही. तिच्या आवाजाची दुसरी कोणतीही नोंद आमच्याकडे नाही.

फायनलाइज झाल्यावर नाव आणि तारीख मऊ टोकाच्या मार्करने वरच्या बाजूस लिहावी आणि लगेच संगणकावर प्रत घ्यावी. ट्रे बाहेर येणारा यूएसबी ड्राइव्ह वापरावा. फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये ही छोटी डिस्क अडकते. व्हिडिओ पर्यायातल्या डिस्कवरचे ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर संपूर्ण उतरवून घ्यावे. ते व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालते. मोबाइलसाठी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने एमपी४ करता येते, त्या वेळी डीइंटरलेस चालू ठेवावे, म्हणजे हलत्या हातांभोवती दिसणाऱ्या कंगव्यासारख्या रेषा जातात. मूळ फोल्डर मात्र पुसू नये. चाळीस डिस्क ६४ जीबीच्या एका पेन ड्राइव्हवर मावतात, आणि असे दोन पेन ड्राइव्ह दोन वेगळ्या घरांत ठेवावेत.

कपाटातल्या जुन्या, फायनलाइज न केलेल्या डिस्कसाठी शक्यतो ज्या कॅमेऱ्यावर चित्रण झाले तोच शोधावा, तो नसेल तर त्याच कंपनीचा आणि त्याच मालिकेतला. तोही मिळाला नाही तर आयसोबस्टर या सॉफ्टवेअरने अशा डिस्कमधून चित्रण बाहेर काढता येण्याची शक्यता असते, तोपर्यंत डिस्क टाकून देऊ नये. आणि घरातला जुना हँडीकॅम कुणी भंगारात द्यायला निघाले असेल, तर आधी प्रत्येक डिस्क त्यात घालून पाहावी.