चांगली बातमी जास्त तपासावी लागते

सकारात्मक बातम्यांची वेबसाइट चालवते असं सांगितलं की समोरचा हमखास दोनपैकी एक काहीतरी म्हणतो. ‘वा, किती छान काम!’ किंवा ‘म्हणजे कुत्र्यामांजरांचे व्हिडिओ का?’ हे काम सोपं असणार, हे दोघांनीही धरलेलंच असतं. या कामात येऊ पाहणाऱ्या नव्या मुलामुलींचाही तोच समज असतो, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

वाईट बातमी चुकली तर संध्याकाळच्या आत कोणीतरी खुलासा पाठवतं, फोनवर भांडतं, प्रसंगी नोटीसही येते. चांगली बातमी खोटी निघाली तर तक्रार करायला कोणीच नसतं. जिचं कौतुक झालं ती संस्था खूश, वाचक खूश, आपले आकडेही चढलेले. मार्च २०२० मध्ये व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन परतल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. तो व्हेनिसचा नव्हताच, इटलीच्याच सार्डिनिया बेटावरच्या एका बंदरातला होता. कालव्याचं पाणी नितळ झालं होतं हे खरं, पण ते बोटी थांबल्यामुळे तळाचा गाळ ढवळला जात नव्हता म्हणून. त्या दिवसांत असं काहीतरी खरं असावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. वाचताक्षणी आपल्यालाच गहिवरून आलं, तर ती बातमी दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्यायची, असा आमच्याकडे नियम आहे.

दुसरा नियम फोनचा. पहिला फोन ज्याचं कौतुक आहे त्याला करायचा नाही, ज्याचं भलं झालं म्हणतात त्याला करायचा. शाळांना संगणक कक्ष दिल्याचं एका संस्थेचं टिपण आमच्याकडे आलं होतं. सोबत फीत कापतानाचे फोटो, हसणारी मुलं, सगळं काही. आमच्याकडे काम करणाऱ्या एका मुलीने शाळांना फोन लावून एवढंच विचारलं, ‘खोलीची किल्ली कोणाकडे असते?’ कुठे ती मुख्याध्यापकांच्या कपाटात होती आणि मुख्याध्यापक रजेवर होते, कुठे कोणाला माहीतच नव्हतं. एका शाळेत मात्र एक बाई ती किल्ली पर्समध्ये घेऊन फिरायच्या आणि शाळा भरण्याआधी तासभर खोली उघडायच्या. आम्ही त्या बाईंची बातमी केली. संस्थेला ती फारशी आवडली नाही.

या कामाची शिस्त शिकायची असेल, तर प्रश्नांवरच्या उपायांची पत्रकारिता शिकवणाऱ्या, २०१३ साली सुरू झालेल्या सोल्यूशन्स जर्नालिझम नेटवर्क या संस्थेची चौकट उपयोगी पडते. प्रश्नावर कोणी नेमकं काय केलं, त्यातून इतरांना काय शिकता येईल, ते चाललं याला पुरावा काय आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, या चार गोष्टी बातमीत हव्यात. नवखे लोक चौथी गाळतात. मर्यादा लिहिली की बातमीतला गोडवा जाईल, अशी त्यांना भीती वाटते.

नारूचं, म्हणजे दूषित पाण्यातून शरीरात शिरणाऱ्या कृमीच्या रोगाचं, उदाहरण घ्या. १९८६ साली जगात नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते, २०२३ साली १४. लस नाही, खास औषध नाही. पाणी गाळून पिणं, रुग्णाला पाणवठ्यापासून दूर ठेवणं आणि गावोगाव लक्ष ठेवणारी माणसं एवढ्यावर हे झालं. यापेक्षा मोठी चांगली बातमी क्वचितच मिळेल. पण ती छापायची कोणत्या दिवशी? गाल्टुंग आणि रूगे या संशोधकांनी बातम्यांवरच्या १९६५ च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात हीच अडचण मांडली होती: जे झटकन घडून संपतं ते बातमीच्या वेळापत्रकात बसतं, जे वर्षानुवर्षं हळूहळू होतं ते निसटतं. यावर माझा उपाय अगदी कारकुनी आहे. कोणता वार्षिक अहवाल कधी येतो, याचं कॅलेंडर करून ठेवायचं. नारूचे आकडे दर वर्षाच्या सुरुवातीला येतात, ते आमच्या कॅलेंडरवर असतात. आणि ती बातमी करताना हेही लिहायचं, की आफ्रिकेतल्या चाड आणि कॅमेरूनमधल्या कुत्र्यांमध्ये नारू अजून सापडतो, म्हणून शेवटचे रुग्ण संपता संपत नाहीत. इथून पुढे वाचक खरे जागे होतात, असा माझा अनुभव आहे.

शीर्षकांचं दुखणं वेगळंच. अपवर्दी या साइटच्या हजारो शीर्षकांवर केलेला एक अभ्यास २०२३ साली ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’मध्ये आला. सर्वसाधारण लांबीच्या शीर्षकात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढायचं. गंमत म्हणजे अपवर्दी ओळखली जायची ती मन उभारी घेईल अशा गोष्टींसाठी! म्हणून ‘थक्क व्हाल’, ‘डोळे पाणावतील’ असलं काही लिहू नका, ते तसंही चालत नाही. अडचण काय होती ते शीर्षकात येऊ द्या.

काही बातम्या आम्ही घेतच नाही. वर्गातल्या मुलांनी खाऊचे पैसे साठवून मैत्रिणीच्या शस्त्रक्रियेचं बिल भरलं, अशी बातमी महिन्याआड कुठून तरी येतेच. मुलं गोड आहेत, प्रश्नच नाही. पण ते बिल लहान मुलांवर का आलं, हे विचारायची तयारी नसेल तर ती बातमी सोडून द्यावी. एकट्या माणसाला देवपण देणाऱ्या बातम्यांबाबतही मी हात आखडता घेते. माणूस पुढे कसा वागेल याची हमी कोण देणार?

पैशाचं थोडक्यात सांगते. जाहिरातींवर सर्व्हरचा खर्च निघेल, पगार निघणं अवघड. चांगल्या बातम्या म्हटलं की कंपन्या आपली समाजकार्याची जाहिरात बातमीच्या वेषात घेऊन दारात उभ्या राहतात. पैसे घेतले असतील तर तसं ठळक लिहा, नाही तर घेऊ नका. वाचकांच्या वर्गणीचा रस्ता संथ आहे पण आहे. १९९३ पासून चालणाऱ्या ब्रिटनच्या ‘पॉझिटिव्ह न्यूज’ने २०१५ साली वाचकांनाच शेअर विकले आणि ते वाचकांच्या मालकीचं सहकारी माध्यम झालं.

आमच्याकडे काम मागायला येणाऱ्यांकडून मी लेखनाचे नमुने मागत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी कुठेही गाजलेली एखादी चांगली बातमी निवडायची, संबंधितांना फोन करायचे आणि आज तिथे काय चाललंय ते लिहून पाठवायचं. उपक्रम बंद पडला असेल तरी चालेल. कोणाला फोन केले आणि कोणी उचलला नाही, ती यादी मात्र सोबत जोडायची.