जपानचा इतिहास मांगातून वाचताय? या चुका टाळा

जपानच्या इतिहासावरच्या आणि लोककथांवरच्या चित्रकादंबऱ्या वाचणारे बहुधा दोन टोकांना जातात. काही जण पानावर दिसलं ते सगळं तसंच घडलं असं धरून चालतात. काही जण ‘शेवटी कॉमिकच ते’ म्हणून सगळंच हसण्यावारी नेतात. खरी मजा या दोघांच्या मधे आहे. मूळ घटना, तिच्यावर बेतलेलं नाटक, नाटकावरून निघालेली ठशांची चित्रं, मग कादंबरी, मग सिनेमा आणि शेवटी हातातलं पुस्तक, असे थर एकावर एक चढलेले असतात. बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक मराठी वाचकाला नवा नाही. तीच नजर इथे लावायची. पहिली चूक मात्र निव्वळ पान उलटण्याची आहे, तेव्हा ती आधी उरकू.

पुस्तक चुकीच्या बाजूने उघडणं

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, उजवीकडून डावीकडे वाचतात. पुस्तक आपल्या हिशेबाने मागून उघडायचं, पानावर उजवीकडची वरची चौकट आधी घ्यायची, आणि चौकटीतसुद्धा उजवीकडचा फुगा आधी वाचायचा. उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असं व्हायला लागलं, की आपण उलटे चाललो आहोत. पण सगळीच पुस्तकं अशी नसतात. स्टॅन साकाई यांची ‘उसागी योजिम्बो’ ही रोनिन, म्हणजे धनी नसलेल्या सामुराई, सशाची मालिका अमेरिकेत तयार झाली, त्यामुळे ती मुळातच डावीकडून उजवीकडे जाते. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा: मूळ जपानी पानं आरशात धरल्यासारखी उलटवून छापलेली. १९८० आणि १९९० च्या दशकांत इंग्रजी प्रकाशक हे सर्रास करत. ‘लोन वुल्फ अँड कब’चे इंग्रजी खंड असेच आहेत.

हे ओळखायचं असेल तर किमोनोचा गळा बघा. नेसणाऱ्याची डावी बाजू वर येते, म्हणजे समोरून पाहताना वरचा पदर आपल्या उजवीकडून खाली डावीकडे उतरतो. उजवी बाजू वर घेऊन किमोनो फक्त प्रेताला नेसवतात. तलवारही सामुराईच्या डाव्या कमरेला असते. उलटवलेल्या आवृत्तीत अख्खं गाव प्रेताच्या पेहरावात हिंडतं आणि झाडून सगळे सामुराई डावखुरे होतात. गोष्टीला त्याने बाधा येत नाही. फक्त डाव्या हाताने तलवार उपसणाऱ्या वीरावरून काही निष्कर्ष काढायला जाऊ नका.

एकाच माणसाला चार माणसं समजणं

जपानीत आडनाव आधी, नाव नंतर. सोळाव्या शतकातला सेनानी ओदा नोबुनागा घ्या: ओदा हे घराणं, नोबुनागा हे नाव. इंग्रजी भाषांतरं कधी हा क्रम ठेवतात, कधी फिरवतात. हातातल्या पुस्तकात काय केलंय ते पहिल्या काही पानांतच पक्कं करून टाका. पुढची अडचण मोठी आहे, कारण ही माणसं आयुष्यभर नावं बदलत राहतात. तोकुगावा इएयासू लहानपणी मात्सुदाइरा ताकेचियो असतो, मग मोतोनोबू होतो, मग मोतोयासू. हिदेयोशी आधी किनोशिता तोकिचिरो, मग हाशिबा, शेवटी तोयोतोमी. ‘मघाचा तो तोकिचिरो कुठे गेला?’ म्हणून वाचक मागची पानं चाळत बसतो. तो कुठेही गेलेला नसतो, त्याला बढती मिळालेली असते.

चेहरे लक्षात ठेवण्यापेक्षा घराण्यांची निशाणं लक्षात ठेवा, कारण काळ्या-पांढऱ्या पानावर चिलखत घातलेले सगळे सारखेच दिसतात. तोकुगावांची वर्तुळातली तीन पानं, सानादांची सहा नाणी, आकेचींचं पाच पाकळ्यांचं फूल, एवढ्यावर सोळाव्या शतकाचा बराच भाग निभतो. १५८२ मध्ये क्योतोच्या होन्नो-जी मंदिरात नोबुनागाला पहाटे वेढा पडतो. बाहेर शत्रू नसतो, त्याचाच सरदार आकेची मित्सुहिदे असतो. वेढ्यातल्या झेंड्यांवरचं ते फूल ओळखता आलं, तर धक्का नोबुनागाबरोबरच आपल्यालाही बसतो.

सत्तेचाळीस रोनिन: नाटकालाच इतिहास मानणं

सगळ्यात जास्त गोंधळ या एका कथेवर होतो, म्हणून इथे जरा थांबू.

जे घडलं ते थोडक्यात असं. १७०१ मध्ये एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, किल्ल्यात आकोचा दाइम्यो, म्हणजे जहागीरदार, आसानो नागानोरी याने किरा या दरबारी अधिकाऱ्यावर हत्यार उपसलं. किरा जखमी झाला, वाचला. आसानोला त्याच दिवशी सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून आत्महत्या, करावं लागलं, जहागीर जप्त झाली आणि पदरचे सामुराई निराधार झाले, म्हणजेच रोनिन. त्यांतल्या काहींनी ओइशी कुरानोसुकेच्या पुढाकाराने किराच्या वाड्यावर रात्री हल्ला केला, त्याचं शिर कापलं आणि ते सेंगाकु-जी मंदिरात धन्याच्या थडग्यापुढे ठेवलं. १७०३ मध्ये त्यांनाही सेप्पुकूची शिक्षा झाली.

आता पुस्तकात काय दिसतं ते बघा. आसानो का भडकला? लाच दिली नाही म्हणून किराने अपमान केला, असं काही ठिकाणी येतं. काही ठिकाणी किराची नजर आसानोच्या बायकोवर असते. प्रत्यक्षात आसानोच्या रागाचं नेमकं कारण आजही ठाऊक नाही. बायकोचं प्रकरण आलं ते १७४८ च्या ‘कानादेहोन चुशिंगुरा’ या बाहुल्यांच्या नाटकातून, जे पुढे काबुकी या नटांच्या रंगभूमीनेही उचललं. शोगुनांच्या, म्हणजे लष्करी शासकांच्या, राजवटीत ताज्या सामुराई प्रकरणांवर उघड नाटक करायला मनाई होती. नाटककारांनी कथा सरळ चौदाव्या शतकात नेऊन बसवली आणि नावं बदलली. किराचा झाला को नो मोरोनाओ, ओइशीचा ओबोशी युरानोसुके. तुमच्या पुस्तकात ही नावं असतील तर ती चूक नाही, ते नाटकाचं रूपांतर आहे. नावं खरी आणि भानगड नाटकातली, अशी सरमिसळ असेल तेव्हा मात्र सावध व्हा. बहुतेक पुस्तकं याच प्रकारची असतात.

पोशाखही तपासा. हल्ल्याच्या रात्री सगळे एकसारखे काळे-पांढरे, बाह्यांवर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेले अंगरखे घालून निघालेले दिसले, तर ती रंगमंचाची देणगी. ती इतकी गाजली, की दीडशे वर्षांनी क्योतोत गस्त घालणाऱ्या शिनसेनगुमी दलाने तीच नक्षी आपल्या निळ्या अंगरख्यांवर घेतली. म्हणजे इथे नाटकानेच पुढचा इतिहास सजवला.

दोन शंका वाचकांना हमखास छळतात. एका पुस्तकात हल्ला १७०२ च्या डिसेंबरात, दुसऱ्यात १७०३ च्या जानेवारीत. यात छपाईची चूक नाही. जुन्या जपानी पंचांगाच्या बाराव्या महिन्याची ती चौदावी तिथी आहे, आणि युरोपीय कॅलेंडर जपानने १८७३ मध्ये घेतलं. दुसरी शंका आकड्याची: सत्तेचाळीस म्हणतात, मग सेप्पुकू शेहेचाळीसच का? तेरासाका किचिएमोन हा सगळ्यांत कनिष्ठ दर्जाचा शिपाई शिक्षेतून सुटला आणि म्हातारा होऊन वारला. तो पळाला, की त्याला निरोप देऊन पाठवलं होतं, यावर प्रत्येक लेखक आपापली बाजू घेतो. मी नवं पुस्तक हातात आलं की आधी तेरासाकाचं पान शोधतो. त्यावरून लेखकाचा पिंड कळतो.

हाच थर आणखी दोन ठिकाणी अंगाशी येतो. नागाशिनोच्या १५७५ च्या लढाईत बंदूकधारी तीन रांगांत आळीपाळीने गोळ्या झाडतात, ते दृश्य भव्य असतं. नोबुनागाच्या पदरी असलेल्या ओता ग्युइचीच्या वृत्तांतात मात्र ही आळीपाळी नाही, ती नंतरच्या लेखणीतून आली. आणि ‘वागाबाँड’ ही मांगा मालिका वाचून तलवारबाज मुसाशीचं चरित्र कळलं असं समजू नका. ती मालिका योशिकावा एइजी यांच्या १९३० च्या दशकातल्या कादंबरीवर उभी आहे. त्यातली नायिका ओत्सू कादंबरीकाराने निर्माण केली. ताकुआन हा भिक्षू खरा होता, पण त्याची आणि मुसाशीची भेट झाल्याचा पुरावा नाही. शिवाय ती मालिका २०१५ पासून अर्धवट थांबलेली आहे, हे सुरू करण्याआधी माहीत असलेलं बरं.

सगळे योकाई प्राचीन समजणं

लोककथांच्या बाबतीत आपण ‘मूळ’ कथा शोधायला जातो आणि तिथेच फसतो. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७७६ पासून योकाईंच्या, म्हणजे लोककथांतल्या भुताखेतांच्या, चित्रांचे चार संच काढले. पहिल्यात लोकांच्या तोंडी असलेले योकाई आहेत, पण १७८४ च्या शेवटच्या संचातली बरीच मंडळी त्याच्याच डोक्यातून निघालेली. नुरारिह्योन हा फुगीर डोक्याचा म्हातारा सेकिएनने नुसता पालखीतून उतरून घरात शिरताना दाखवला होता. तो सगळ्या योकाईंचा सरदार झाला विसाव्या शतकात.

नुरिकाबे हे उदाहरण मला फार आवडतं. फुकुओकाच्या किनाऱ्यावरची समजूत अशी, की रात्री चालताना अचानक पुढे भिंत येते आणि पाऊल पुढे पडत नाही. काठी खालच्या बाजूला फिरवली की भिंत नाहीशी होते, वर मारून उपयोग नाही. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी ही नोंद केली. या भिंतीला डोळे आणि आखूड पाय दिले ते मांगाकार मिझुकी शिगेरू यांनी, आणि आज नुरिकाबे म्हटलं की तोच चेहरा डोळ्यांपुढे येतो.

मोमोतारोचंही तसंच. पीचमधून मूल निघतं ही शाळेच्या पुस्तकांनी रुळवलेली गोष्ट. एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) अनेक पुस्तिकांत म्हातारा-म्हातारी ते फळ खाऊन तरुण होतात आणि मग त्यांना रीतसर मूल होतं. दुसऱ्या महायुद्धात हाच मोमोतारो प्रचारपटांचा नायक झाला आणि राक्षसांच्या जागी इंग्रज-अमेरिकन आले. तेव्हा जुन्या गोष्टीचं नवं पुस्तक घेताना ते कोणत्या काळाचं रूप सांगतंय, एवढं बघा.

‘ही तर आपली सरस्वती!’ म्हणून थांबणं

ही खास आपल्या वाचकांची चूक. बेन्झाइतेन ही देवी सरस्वतीच, बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे गेलेली. दाइकोकुतेन म्हणजे महाकाल. ओळख पटल्याचा आनंद रास्त आहे, पण तिथेच थांबलात तर पुढची पानं कळणार नाहीत. बेन्झाइतेनच्या हातात बिवा हे तंतुवाद्य आहे, तिचं नातं साप आणि ड्रॅगनशी आहे, ती धनही देते, आणि तिची देवळं एनोशिमासारख्या बेटांवर आहेत. महाकालाचं तर उग्र रूपच गेलं. तो भाताच्या पोत्यांवर उभा, हातात मोगरी, तोंडभर हसणारा शेठ झाला.

भारताचा दुवा हवाच असेल तर तामामो-नो-माएच्या कथेत शोधा. नऊ शेपट्यांची ही कोल्हीण जपानच्या दरबारात येण्याआधी चीनमध्ये आणि भारतात राजांना नादी लावून आली, असं कथाच सांगते. जपानमध्ये मारली गेल्यावर ती नासू इथला विषारी दगड झाली. तो दगड मार्च २०२२ मध्ये दुभंगला आणि कोल्हीण सुटली म्हणून जपानी समाजमाध्यमांवर बरीच गंमत उडाली.

‘शोवा’तली चित्रं बघून गोंधळणं

मिझुकींचा ‘शोवा’ हा १९२६ ते १९८९ चा इतिहास. इंग्रजीत चार जाडजूड खंड आहेत. वाचणाऱ्याची पहिली तक्रार अशी, की एका चौकटीत छायाचित्रासारखं बारीक रेखाटन आणि शेजारच्या चौकटीत व्यंगचित्रातला बटाट्याच्या नाकाचा माणूस. वाटतं, दोन पुस्तकांची पानं मिसळली. तसं नाही. सरकार, सैन्य, युद्धनौका, जळती शहरं बहुधा छायाचित्रांवरून काढलेली आहेत. मिझुकी, त्यांचं घर आणि सोबतचे शिपाई व्यंगचित्राच्या वळणाने येतात. डावा हात मिझुकींनी न्यू ब्रिटन बेटावरच्या बॉम्बहल्ल्यात गमावला, म्हणून त्या भागात दोन्ही शैली एकमेकींत घुसतात. निवेदक नेझुमी-ओतोको, म्हणजे त्यांच्याच भुतांच्या मालिकेतला लबाड उंदीरमाणूस, मधेच येऊन तारखा आणि मंत्र्यांची नावं सांगतो. कंटाळून ती पानं गाळू नका. जपान चीनमध्ये का शिरला याचा हिशेब त्याच पानांवर आहे, आणि तो गाळला तर पुढच्या खंडांत जपान फक्त बॉम्ब झेलणारा देश दिसतो.