घरात फ्लूचा रुग्ण असताना तापाची वही कशी ठेवावी

फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घ्यावी, कारण महाराष्ट्रात साथ पावसाळ्यातच जोर धरते आणि लस अंगी लागायला सुमारे दोन आठवडे जातात. कोणी आजारी पडलेच तर वेगळी खोली, उघडी खिडकी, मास्क, पेज आणि भरपूर पाणी एवढे पुरे.

खरी कसोटी तिसऱ्या दिवसापासून लागते. आईला फ्लू झाला तेव्हा मी पॅरासिटामॉल दिल्यावर तासाभराने ताप मोजत असे आणि 99 आकडा पाहून निश्चिंत होत असे. गोळीने ताप काही तास दबतो, आजार हटत नाही, हे मला कळत होते, तरी मी चुकीच्या वेळीच मोजत राहिलो. पाचव्या दिवशी ताप गेला, सातव्या दिवशी खोकल्यासह परतला आणि तोवर न्यूमोनिया झाला होता. बरे वाटू लागल्यावर पुन्हा चढणारा ताप कधीही अंगावर काढू नये.

तेव्हापासून मी उशाशी वही ठेवतो. ताप गोळी देण्यापूर्वी मोजावा आणि वेळेसह लिहावा. श्वास मोजताना रुग्णाला सांगू नये, कारण सांगितले की श्वासाची लय बदलते. तो पडून असताना पोटावरच्या चादरीची हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पाहावी. मोठ्या माणसाचा श्वास विश्रांतीत साधारण 12 ते 20 वेळा चालतो. तो 24 च्या पुढे राहिला, ऑक्सिजन 94 च्या खाली गेला, छातीत दुखू लागले किंवा माणूस गुंगीत बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ऑक्सिजन मोजण्यापूर्वी बोट चोळून गरम करावे आणि नेलपॉलिश पुसावे.

गरोदर स्त्रिया, ज्येष्ठ, पाच वर्षांखालील मुले आणि मधुमेही किंवा दमेकरी यांना मात्र पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, कारण ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचे औषध लक्षणे दिसल्यापासून 48 तासांच्या आत सुरू झाले तर सर्वांत उपयोगी पडते. कपाटातली उरलेली अँटिबायोटिक देऊ नयेत; विषाणूवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. मुलांना अ‍ॅस्पिरिन तर मुळीच देऊ नये. पावसाळ्यात डेंग्यूची शक्यता असतेच, त्यामुळे रक्ततपासणी होईपर्यंत आयबुप्रोफेनही टाळावे.

गोळीविना सलग 24 तास ताप न आल्याची नोंद वहीत झाली, की मगच रुग्णाला शाळेत किंवा कामावर जाऊ द्यावे.